गुंडीचा हार

नालवाडी, गोपुरी, सेवाग्राम या वर्ध्याभोवतालच्या टापूत खादीवाल्या घरचं लग्न असलं की वधूवर एकमेकांच्या गळ्यात सुताचा हार घालतात. फुलं नाहीत, जर नाही. फार तर खाली एखादा रंगीत गोंडा. लांबून हा हार अगदी साधा दिसतो. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, हा हार मुळात कोणी हार म्हणून केलेलाच नाही. ती सुताची गुंडी आहे.

चरख्याच्या चातीवर किंवा टकळीवर भरलेलं सूत फाळक्यावर उतरवतात. फाळक्याचा घेर चार फूट. सुताचा एक वेढा पडला की एक तार झाली. १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, २५६० फूट सूत. मीटरमध्ये सांगायचं तर ७८०. लट्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मधूनमधून दोरा ओवून आट्या बांधतात. फाळक्यावरून उतरवलेल्या या वेढ्याला पीळ देऊन टोक आत खोवलं की मुठीत मावेल अशी गुंडी तयार होते. तोच पीळ उलगडला की चार फुटांचा मोकळा वेढा हातात येतो आणि गळ्यात घातला की छातीच्या खाली रुळतो. बाकी काही करावं लागत नाही. वीस नंबरी (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) सुताची गुंडी भरते जेमतेम तेवीस ग्रॅम, त्यामुळे हार घातलाय हे गळ्याला जाणवतही नाही.

या हाराची कुळकथा मजुरीच्या हिशेबातून सुरू होते.

डिसेंबर १९२४च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधी होते. त्या सुमारास काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी चार आण्यांऐवजी सुतात घ्यायची असं ठरलं. महिन्याला दोन हजार वार सूत, म्हणजे सव्वादोन गुंड्यांहून थोडं जास्त. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि खादीचा सगळा व्यवहार सूत मोजण्यावर उभा राहिला. कोणी किती कातलं, किती नंबरी कातलं, सूत किती मजबूत आहे, यावर मजुरी ठरे. गुंडी हे या व्यवहाराचं नाणं होतं. त्याच काळात गांधी सभांमध्ये सांगत की माझ्यासाठी फुलांच्या हारांवर पैसा घालवू नका, सुताचे हार द्या. फुलं संध्याकाळी कोमेजतात, सूत विणकराकडे जातं. लोकांच्या हाताशी गुंड्या होत्याच. त्याच उलगडून गळ्यात पडू लागल्या.

व्यासपीठावरून हा हार लग्नात आला तो आश्रमांच्या वाटेनं. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे मोठ्या मारवाडी पेढीचे धनी. त्यांच्या मुलीचं, कमलाचं लग्न १९२६ मध्ये साबरमतीच्या आश्रमात साधेपणानं झालं. ज्या समाजात लग्नाची प्रतिष्ठा खर्चावर मोजली जाई, त्यातल्या धनिकाच्या घरी असं लग्न होणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. जानेवारी १९२८ मध्ये गांधींचे चिरंजीव रामदास यांचं लग्न तिथेच झालं. गांधींनी वधूवरांना दिलेल्या भेटींत गीता, आश्रम भजनावली आणि टकळी होती. सासरी जाताना मुलीनं बरोबर काय न्यायचं, याचं उत्तर त्या टकळीनं बदलून टाकलं.

नालवाडीचा संबंध येतो तो यानंतर. २५ डिसेंबर १९३२ला विनोबा भावे वर्धा शहरालगतच्या या खेड्यात राहायला आले. वस्ती मुख्यतः तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. पुढच्या वर्षी गोपाळराव वाळुंजकरांनी इथे चर्मालय सुरू केलं. मेलेल्या गुराचं कातडं कमावून त्याच्या चपला करायच्या, असं ते काम. आणि या सगळ्याच्या मध्यभागी विनोबा तासन् तास कातत बसलेले. कातणाऱ्या बाईला मिळते त्याच मजुरीवर आपलं पोट भरतं का, हे त्यांनी स्वतःवर करून पाहिलं. भरत नव्हतं. याच सुमारास, १९३५ मध्ये, आठ तासांच्या कताईला आठ आणे पडले पाहिजेत असा आग्रह गांधींनी चरखा संघाकडे धरला. संघाला तेवढं झेपलं नाही, पण कातणाऱ्यांची मजुरी वाढली.

मला या कुळकथेतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नालवाडीत गुंडी हे शोभेचं प्रतीक नव्हतं, ते एका माणसाच्या दिवसाचं माप होतं. किती तासांत किती तार, त्याचे किती पैसे, त्यात ज्वारी किती येते, असा तो रोकडा हिशेब होता. अशी गुंडी वधूवर एकमेकांच्या गळ्यात घालतात तेव्हा ते एकमेकांना स्वतःच्या कष्टाचे मोजलेले तास देत असतात. दुसऱ्यानं कातलेली गुंडी विकत आणून घातली तर हार तसाच दिसेल, पण देणं राहून जाईल.

सूत मराठी लग्नाला नवं नव्हतंच. अनेक घरांत लग्नविधीत वधूवरांभोवती सूत गुंडाळतात, त्याला सूत्रवेष्टन म्हणतात. ते सूत हळदीनं पिवळं करून, हळकुंड बांधून, त्याचीच कंकणं दोघांच्या हाती बांधतात. जानव्याचं सूत घरोघर टकळीवर निघे, देवाच्या वाती आजीच्या मांडीवर वळल्या जात. मुंडावळ्या, बाशिंगं, अंतरपाटावरचं स्वस्तिक, मांडवाचे हिरवे डहाळे, दारचं तोरण ही लग्नाची सगळी सजावट एके काळी घरच्या नाहीतर गावच्याच हातची असे. या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे रुखवत. मण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, खोबऱ्याच्या वाटीवरची नक्षी, सुपारीचे भटजी-भटजीण, साखरेचं तुळशीवृंदावन. मुलगी आणि तिच्या मावश्या, काकवा, मैत्रिणी दोन-दोन महिने दुपारी एकत्र बसून हे करत. रुखवत म्हणजे तिच्या हातच्या कलेचं प्रदर्शन होतं आणि वरपक्षाकडच्या बायका एकेक वस्तू उचलून, उलटी करून, मागचे टाके बघत.

त्या प्रदर्शनात एक बोच होती, ती सांगितली पाहिजे. परीक्षा फक्त मुलीची होती. नवऱ्या मुलाला काय करता येतं, हे कोणी विचारत नव्हतं. सुताच्या हारानं ही बाजू सावरली. हार दोन लागतात, एक तिनं कातायचा आणि एक त्यानं. लग्नासाठी मुलानं स्वतःच्या हातानं काहीतरी करावं, अशी अपेक्षा आपल्याकडे याआधी फारशी कधी नव्हती.

विधीच्या बाजूनं अशा बरोबरीची वाट आधी जोतीराव फुल्यांनी मोकळी केली होती. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सीताराम आल्हाट आणि राधा यांचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुरोहित नाही, खर्च जवळपास नाही. जोतीरावांनी या लग्नांसाठी मराठीत मंगलाष्टकं रचली, आणि ती अशी की वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, एकमेकांना शब्द देतात. सत्यशोधक लग्न आणि आश्रमातलं लग्न यांचा उगम वेगळा, राजकारण वेगळं, आणि दोघांना एकाच माळेत ओवणं जोतीरावांवर अन्याय होईल. पण वधूवरांनी आपलं लग्न आपण लावावं, ही गोष्ट महाराष्ट्रात त्यांनी आधी केली. सूत नंतर आलं.

सुताच्या हाराबरोबर लग्नपत्रिकेलाही हातचा कागद शोभतो. त्या कागदाची कथाही नालवाडीपासून हाकेच्या अंतरावर, वर्ध्यातच घडली. जमनालालजींनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं पडलं. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. घाण्याचं तेल, गूळ, मधमाशा यांच्याबरोबर हातकागदाचा विभाग तिथे सुरू झाला. महाराष्ट्राला हातकागद नवा नव्हता. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा इथल्या कागदी घराण्यांच्या कागदावर पेशव्यांची दप्तरं लिहिली गेली. गिरणीच्या कागदापुढे ती घराणी मोडकळीला आली होती. मगनवाडीत ते तंत्र पुन्हा हातात घेतलं गेलं, आणि के. बी. जोशींच्या खटपटीनं १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली.

घरच्या पत्रिकेसाठी हा कागद वापरणाऱ्यांनी त्याची घडण समजून घ्यावी, म्हणजे फसगत होत नाही. सुती चिंध्या भिजवून, कुटून लगदा करतात. तो पाण्याच्या हौदात सोडून चौकटीवरच्या चाळणीनं एकेक ताव उचलतात. ताव दाबून पाणी काढतात, मग वाळवतात. इतकं झालं तरी तो लिहिण्याजोगा नसतो. शाई टिपकागदासारखी पसरते. त्याला खळ लावून, गुळगुळीत दगडानं किंवा कवडीनं घोटावं लागतं. बाजारात बिनखळीचाही कागद मिळतो, चित्रांसाठी तो उत्तम, पण टाकानं पत्ते लिहायचे तर घेण्याआधी एका तुकड्यावर शाईचा थेंब टाकून बघावा. कडा कापू नयेत. चौकटीत उचललेल्या तावाची ती झिरझिरीत किनार हीच त्याची ओळख. आणि कोपऱ्याला हळदीचं बोट टेकवलं की ती हळद चकचकीत आर्टपेपरवरल्यासारखी झडत नाही, धाग्यांत मुरते.

सुताच्या हाराला गावोगाव पोचवलं ते मात्र शाळेनं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि उद्योगांत कताई आघाडीवर. पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये दप्तरात टकळी आणि पिंजलेल्या कापसाचे पेळू असत. आज सत्तरीच्या पुढे असलेल्या अनेकांच्या बोटांना तो पीळ अजून आठवतो. घरात असं कोणी असेल तर टकळी त्यांच्याकडूनच शिकावी, चित्रफितीवरून नव्हे.

हातच्या सुताची लग्नं दूरवर गेली. मार्च १९४२ मध्ये नेहरूंच्या कन्या इंदिराजी अलाहाबादेत बोहल्यावर उभ्या राहिल्या त्या वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताच्या गुलाबी साडीत. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नासाठी गांधींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं वस्त्र पाठवलं. राजवाड्यातल्या भेटवस्तूंच्या मांडणीत ते होतं आणि एलिझाबेथ यांच्या आजी राणी मेरी यांचा समज झाला की ते पंचाचं कापड आहे. मार्च १९४८ मध्ये, गांधी गेल्यानंतर दीड महिन्यानं, सेवाग्रामच्या आश्रमात आंध्रचे निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांच्या मुलीचं, मनोरमा यांचं, अर्जुनराव या हरिजन तरुणाशी लग्न लागलं. हे लग्न आश्रमात लावायचं, आणि शपथेत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायचं, हे गांधींनी आधीच मान्य केलं होतं.

विनोबा १९३८ मध्ये नालवाडीहून पवनारला गेले, पण गांधींच्या हत्येनंतर सूतांजलीची जी कल्पना त्यांनी मांडली तिचं माप तेच राहिलं: वर्षाकाठी माणशी एक गुंडी, ६४० तार, स्वतः कातलेली. नालवाडी आता वर्धा शहराला चिकटली आहे, नागपूरच्या रस्त्यावर दुकानं आणि मंगल कार्यालयं उभी आहेत. ग्रामसेवा मंडळाचं खादीचं काम शेजारच्या गोपुरीत चालू आहे.

सुताचे हार आता विकतही मिळतात, पाहुण्यांच्या सत्काराला डझनावारी लागतात. सत्काराला ते ठीक आहेत. रुखवतही तयार मिळतं, भाड्यानंसुद्धा मिळतं. सजावटीचा इतर बोजा कोणी बाहेरून हलका करून घेतला तर माझी तक्रार नाही. नोकरी सांभाळून लग्न उभं करणाऱ्यांना वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पण वरमाला तेवढी विकतची नको. सगळ्या लग्नात ही एकच वस्तू अशी आहे जी दोघं स्वतःच्या हातानं एकमेकांना देतात.

तेव्हा घरात लग्न ठरलं असेल तर पत्रिकेचे नमुने बघायच्या आधी दोन टकळ्या आणि चांगले पेळू आणा. तारीख तीन-चार महिन्यांवर असेल तर उत्तम. पहिले दिवस सूत सारखं तुटेल, कुठे जाड कुठे बारीक निघेल. ते तसंच फाळक्यावर घ्या, त्यातलं काही वगळू नका. रोज अर्धा तास दिला तर महिन्या-दीड महिन्यात प्रत्येकी एक गुंडी पुरी होते. तिनं कातलेली त्याच्या गळ्यात, त्यानं कातलेली तिच्या. लग्नानंतर हार फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगू नका, विणायला द्या. एक चौरस वार कापडाला तीन-चार गुंड्या लागतात, म्हणजे दोन हारांत वारभरही कापड होणार नाही. उरलेल्या एक-दोन गुंड्या संसार सुरू झाल्यावर दोघांनी मिळून काताव्यात.