भूतदयेला विद्येची जोड

पोळ्याच्या आदल्या सांजेला मराठवाड्यात बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली झिजलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळण्याची ही रीत मोठी हृद्य आहे. जालना जिल्ह्यातील आष्टीच्या या मुलखाला भूतदया कोणी नव्याने शिकवायला नको. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे, आणि गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या नाथांची कथा येथे पोराटोरांनाही ठाऊक आहे. मग उणे काय होते? उणी होती विद्या. बुळकांडी गावात शिरली, की धन्याला कितीही दया असली तरी गोठा रिकामा होई.

ही उणीव भरून निघण्यास मुंबईत आरंभ झाला. प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी १८७४ साली तेथे एक संस्था निघाली. पुढे शेठ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला पशुरुग्णालय उभे राहिले व त्यास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव मिळाले. १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय आणि वर्ग एकाच अंगणात आले; पुस्तकातले दुखणे विद्यार्थ्याला दारातच पाहावयास मिळू लागले. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली; ती पुढे कुमाऊंत मुक्तेश्वरला गेली. लशीच्या बळावर अखेर बुळकांडी हटली. २००६ साली भारत व २०११ साली सारे जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

रोग हटला, माणसाच्या हातून होणारा जाच मात्र उरला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीने १९६० साली प्राणिछळ प्रतिबंधाचा कायदा झाला. १९६५च्या नियमांनी टोकदार आरेची पराणी वर्ज्य केली, दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम नको म्हटले, आणि पारा ३७ अंशांवर चढेल तेथे दुपारी बारा ते तीन गाडी जुंपू नये असेही सांगितले.

पण हे नियम गोठ्यापर्यंत पोचवावे कोणी? शेतकरी निर्दय नसतो. वाफसा गेला की पेरणी गेली, या धास्तीने तो थकल्या बैलालाही हाकतो. शहरी उपदेश त्याला रुचत नाही. घरच्या मुलाचे बोलणे मात्र तो ऐकतो. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि कॉलेजातील मुलांची शिबिरे खेड्यांत भरू लागली. शेजारच्या परभणीस १९७२ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. परळच्या अंगणात जुळलेली दया आणि विद्या अशा रीतीने गोदाकाठी आली.

भूतदयेचे फलक कॉलेजात लागतात, ते चांगलेच आहे. पण आष्टीकडच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा सुट्टीत घरी गेल्यावर होते. वडिलांना न दुखवता पराणीची आर काढून घेणे, खांदा सुजलेल्या बैलाला चार दिवस जुवापासून सोडवणे आणि वेळेवर लस टोचून आणणे, हे ज्याला साधले त्याच्या घरी खांदेमळणी नुसती पोळ्यापुरती उरणार नाही.