सराव नव्हे, सामने!

मेढ्यात वेण्णेच्या काठी, पीक निघालेल्या वावरात आम्ही क्रिकेट खेळलो. चेंडू पुष्कळ टोलवले. पण दुसऱ्या शाळेशी सामना वर्षाकाठी एखादाच. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. मला धावांपेक्षा कोडं पडलं ते हे, की ही पोरं एवढी तयार झाली कशी?

उत्तर रमाकांत आचरेकर सरांच्या शिस्तीत आहे. त्यांच्याच सांगण्यावरून सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात आला. मुंबईत लहानांसाठी जाइल्स ढाल, मोठ्यांसाठी हॅरिस ढाल. शाळाशाळांतली ही चुरस शंभर वर्षं जुनी. सर त्यावर थांबले नाहीत. ते मुलांसाठी स्वतः सामने ठरवत. सराव संपताना स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद करील त्याचं, टिकला तर फलंदाजाचं. एकदा ठरलेला सामना सोडून सचिन वानखेडेवर मोठ्या मुलांचा खेळ बघायला गेला, तेव्हा सरांनी त्याला चांगलंच खडसावलं. टाळ्या वाजवून खेळाडू घडत नाही!

२०१९ मध्ये सर गेले. मेढ्यात शिवाजी पार्क आणता येणार नाही, आणि आमचा पाऊस तर चार महिने बॅट हातात घेऊ देत नाही. पण दिवाळीनंतर मेढा, कुडाळ, केळघर, करहर इथल्या शाळांनी दर रविवारी एकमेकांशी खेळायला काय हरकत आहे? त्याला लागतो एक चिकाटीचा मास्तर, आणि खिशात एक रुपया.