सेल्फ

आत्म्याचा शोध आपल्याकडे हजारो वर्षं चालू आहे. पण तो खोलून, रॉकेलने धुऊन पुन्हा बसवता येतो हे सांगणारे फक्त गॅरेजमधले मेस्त्री. मोटार सुरू करणाऱ्या विजेच्या यंत्राचं पूर्ण नाव 'सेल्फ-स्टार्टर'. मेस्त्रींनी त्यातला 'स्टार्टर' टाकून दिला आणि 'सेल्फ' तेवढा ठेवला. त्यामुळे "सेल्फ जॅम झालाय", "सेल्फ उचलत नाही" अशी उपनिषदात शोभणारी वाक्यं आपल्याकडे विडी ओढता ओढता बोलली जातात.

या विषयात मी शिरलो तो आमच्या आबांमुळे. आबा म्हणजे माझे मेहुणे. नारायणगावजवळ त्यांची शेती. भाजीपाला पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायचा तर भाड्याच्या टेम्पोतच अर्धा नफा जायचा. म्हणून १९८६ साली त्यांनी एक जुना पेट्रोल पिकअप घेतला. पैसे कमी पडले तेव्हा ताईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. गाडी बघायला 'शिकलेला माणूस' म्हणून मला नेलं होतं. गाडी उतारावर उभी होती. मी विचारलं, "इथं का लावलीय?" विकणारा म्हणाला, "सावली आहे." सावली शेजारच्या सपाट जागेवरही होती. मी तसं बोलूनही दाखवलं. पण आबांचं लक्ष टायरांकडे होतं.

गाडी घरी आली आणि बसली ती बसलीच. सेल्फ मारला की 'टक्' एवढाच आवाज. माल पहाटेच्या आत यार्डात पोचायला हवा, म्हणजे रात्री दोनला निघायचं. रात्री दोनला धक्का मारायला माणसं गोळा करणं हे निवडणुकीत मतदार गोळा करण्यापेक्षा अवघड. तिथं निदान जीप पाठवता येते. दोन वेळा फ्लॉवर गोठ्यात म्हशींपुढे गेला. म्हशी खूष होत्या, पण पाटल्या सोसायटीत गहाण होत्या.

मग आबांनी हॅण्डल काढलं. बंपरच्या भोकातून घालायचं, लोखंडाचं, दोनदा वाकलेलं. तिसऱ्या दिवशी हॅण्डल उलटं फिरलं आणि आबांचं मनगट गेलं. प्लास्टर घालताना डॉक्टर चक्क आनंदानं म्हणाले, "अहो, हे तर शोफर्स फ्रॅक्चर! पुस्तकात वाचलं होतं, बघायला आज मिळालं." आबांना हाड मोडल्याचं दुःख होतंच, त्यात शोफर म्हटल्याचं आणखी एक झालं.

मी मात्र या नावाच्या मागे लागलो. 'शोफर' हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ तापवणारा, म्हणजे वाफेच्या इंजिनाचा भट्टीवाला. सुरुवातीच्या मोटारीला मालक बसायला लागे आणि शोफर जुंपायला. थंड इंजिन हातानं फिरवणं हे हमालीचं काम, आणि धोक्याचंही. दट्ट्या वर पोचायच्या आधीच ठिणगी पडली तर स्फोट त्याला मागे ढकलतो, आणि हॅण्डल घोड्यासारखं लाथ मारतं. म्हणून जाणते लोक हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवत आणि खालून वर ओढत. वरून खाली दाबणाऱ्याचं नशीब आबांचं.

अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे एक मोटार-कारखानदार १९०८ साली वारले. बंद पडलेल्या गाडीतल्या एका बाईंना मदत करताना हॅण्डल जबड्यावर बसलं आणि त्यातच ते गेले, अशी गोष्ट सांगतात. तपशिलाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. पण कॅडिलॅकच्या हेन्री लेलँड यांना ही गोष्ट लागली आणि त्यांनी हॅण्डलला पर्याय शोधायला लावला, असं म्हणतात. तो शोधला चार्ल्स केटरिंग यांनी. हे गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून आलेले. जाणकारांचा हिशोब असा, की इंजिन फिरवायला लागणारी मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच होईल. केटरिंगना गल्ल्यानं शिकवलं होतं, की ताकद क्षणभरच हवी असेल तर छोट्या मोटरकडूनही दांडगाई करून घेता येते. (आमच्या कचेरीत मार्चअखेरीस हेच तत्त्व कारकुनांना लावत.) वर युक्ती अशी, की इंजिन सुरू झालं की तेच यंत्र उलट वीज तयार करून बॅटरी भरणार. १९१२ च्या कॅडिलॅकला हा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला यायला १९१९ उजाडलं.

यात एक गंमत आहे. त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारीही होत्या. हॅण्डल नको, धूर नको, म्हणून त्या बायकांसाठी चांगल्या असं समजत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा नवऱ्याची नव्हे, तर डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवत. विजेची मोटर पेट्रोलच्या गाडीत शिरली आणि विजेच्या गाडीचा तो मोठा फायदाच संपला. घरभेदीपणाचं इतकं चोख उदाहरण रामायणानंतर हेच.

इकडे आबांनी नवी बॅटरी घातली, सेल्फचे कार्बन बदलले. आवाज 'टक्'च. शेवटी आळेफाट्याहून एक म्हातारे मेस्त्री आणले. ते म्हणाले, "हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा." दिवे लख्ख. बॅटरी कच्ची असती तर मंद झाले असते. ताई आत बसून सेल्फ मारत होती. ती म्हणाली, "आता पुरे. चोकच्या गुंडीचा चटका बसतो."

मेस्त्री थबकले. "पहिल्यापासून बसतो?"

"मी यांना दोनदा सांगितलं. हे म्हणाले, इंजिन तापलं असेल."

इंजिन सुरूच होत नव्हतं, ते तापणार कशानं, हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मेस्त्रींनी विडी विझवली आणि गाडीखाली सरकले. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसतं. त्याला चासीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, म्हणजे अर्थ, गंजून तुटली होती. दिव्यांचा अर्थ बॉडीला, म्हणून दिवे ठीक. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. तेवढी वीज परत जायला वाट शोधत होती ती चोकच्या बारीक तारेतून, आणि तार तापत होती. मेस्त्रींनी बॅटरीपासून इंजिनाला एक जाड वायर धरली, म्हणाले, "मारा ताई." गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. नवी पट्टी अठरा रुपयांची होती.

प्लास्टर सहा आठवडे होतं. ताईने शिकाऊ लायसन काढलं. पहिल्या रात्री मीही मागे पोत्यांवर बसून गेलो. आबा शेजारी बसून सूचना करत होते, "आता चोक आत ढकल." खेड घाट उतरेपर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही जरा झोपा."