जोगिणींचे निबंध

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीला फळ्यापाशी बोलवायचे होते. तिचे नावच मला आठवेना. आठवले ते तास संपल्यावर, जिन्यात. चाळिशीनंतर असे व्हायचेच, असे सहकारी म्हणाले. पण माझी आजी अखेरच्या वर्षांत मला वडिलांच्या नावाने हाक मारी, ते काही मनातून जाईना. त्या अस्वस्थतेतच अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींची ही हकीकत मी वाचून काढली.

‘स्कूल सिस्टर्स ऑफ नॉत्र दाम’ या संघाच्या तेथील प्रमुखांनी १९३० साली आज्ञा काढली की, अखेरचे व्रत घेण्यापूर्वी प्रत्येकीने एका कागदावर, दोन-तीनशे शब्दांत आत्मचरित्र लिहावे. आपल्या शाळेतला निबंधच म्हणा ना! विशीतल्या मुलींचे ते कागद मठाच्या दप्तरात पडून राहिले. पुढे १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन या संशोधकाने मिनेसोटातील मठात वार्धक्याचा अभ्यास आरंभला. कालांतराने ६७८ वृद्ध जोगिणी त्यात सामील झाल्या. बहुतेक जन्मभर शिक्षिका. ठराविक काळाने स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचा, हे त्यांनी आपखुशीने मान्य केले.

मग ते जुने निबंध बाहेर निघाले. ९३ जणींच्या लेखनात दर दहा शब्दांमागे किती कल्पना गुंफल्या आहेत, हे मोजले गेले. निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी ज्यांचे लिखाण विरळ, त्यांचीच बुद्धी सुमारे ५८ वर्षांनी अधिक मंदावलेली आढळली. मृत्यूनंतर मेंदू तपासलेल्या १४ जणींपैकी विरळ लिहिणाऱ्या सर्वांना अल्झायमरचा रोग होता. दाट लिहिणारींपैकी एकीलाही नव्हता.

चौदा हा आकडा लहानच. शिवाय दाट लिहिण्यासारख्या मनाने मेंदू राखला, की विशीतच लागलेली कीड लिखाणात उतरली होती, हे या मोजणीवरून ठरत नाही. आणि रोगाच्या खुणा म्हणजे विस्मरण, असेही सरसकट नाही. सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या तेव्हा त्यांच्या मेंदूत त्या खुणा भरपूर होत्या. जिवंतपणी परीक्षेत मात्र त्या उत्तम उतरत.

मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो : वाक्ये आखूड लिहा, चुका कमी होतात. नमुन्याचे निबंध पाठही करून घेतले. परवा आठवीच्या वह्या तपासताना एका पोराचे सहा ओळींचे वाक्य समोर आले; आजोळ, आटलेली विहीर, विकलेला बैल आणि आईचे रडणे, सारे एकात एक अडकलेले. लाल पेन्सिल हातात होती. फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि वही मिटली.