वेताळ, बाण आणि बेसा

विदर्भातल्या घरांत अद्भुतरसाची मालिका पोचली ती १९८५ च्या सुमारास, तीही अगदी साध्या रूपात. रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’मध्ये अरुण गोविल राजा होते आणि सज्जन वेताळ. दर भागात राजा झाडावरचे प्रेत उतरवून खांद्यावर घेई, पांढऱ्या केसांचा वेताळ वाटेत गोष्ट सांगे आणि शेवटी पेच टाके. राजाने तोंड उघडले की वेताळ खदखदा हसत पुन्हा झाडाकडे उडे. मूळ कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तल्या, मराठी घरांना ‘वेताळपंचविशी’मुळे ओळखीच्या. गोष्टीचा शेवट मोठ्यांना ठाऊक असे. वेताळ उडतो कसा, हे मात्र सगळ्यांनाच पाहायचे असे.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्याला चित्र मिळू लागले. विदर्भाला मात्र बराच काळ थांबावे लागले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, पण त्याच वर्षी सोडलेला इन्सॅट-१ए उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि त्यानंतर देशभर प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला. नागपुरात सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर ही शहराची खूणच होऊन बसली.

बेसा त्या काळी नागपूरच्या दक्षिणेचे शेतीवाडीचे खेडे होते. शहराच्या कडेच्या अशा गावांत टीव्ही मोजक्याच घरी असे, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर गाव. अँटेना बांबूला बांधलेला. वारा आला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालच्यांनी ‘आला, आला, गेला’ असे ओरडायचे, हा सोहळा पार पडल्याशिवाय मालिका सुरू होत नसे.

खरी लाट आली सागर यांच्याच ‘रामायण’ची. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, रविवारी सकाळी, ७८ भाग. चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातमधल्या उंबरगावला झाले. आंघोळ करून टीव्हीपुढे बसणे, संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे, ऐन वेळी वीज गेली की वीज कार्यालयावर धडकणे, अशी वर्णने देशभरातून छापून येत. नागपूरकडे भाषेचा अडसर फारसा नव्हता. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे हिंदी संवाद समजावून सांगायची गरज पडत नसे.

युद्धाच्या भागांतली करामत आज पाहिली तर भाबडी वाटते. दोन्हीकडून दोन बाण सावकाश येतात, आकाशात समोरासमोर थबकतात, टोकांतून ठिणग्या पडतात आणि एक बाण विझून जातो. एवढ्यावर ओसरी श्वास रोखून बसे. याचे कारण प्रेक्षक अडाणी होता, असे सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. ज्या प्रेक्षकाने दंडारीच्या लोकनाट्यात मुखवट्याचा रावण पाहिला होता, पोद्दारेश्वर राम मंदिराच्या रामनवमीच्या शोभायात्रेत चित्ररथावरचे हलते देखावे पाहिले होते आणि कीर्तनात लंकादहन नुसत्या शब्दांवर जळताना ऐकले होते, त्याला अर्धे चित्र स्वतः पुरे करायची सवय होती. पडद्यावरची ठिणगी त्याच्या दृष्टीने वरकमाई होती. बाण खोटा आहे हे त्याला कळत होते आणि त्याने काही बिघडतही नव्हते.

या सवयीला सिनेमाचाही जुना आधार होता. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातले जोडे काढत, असे सांगतात. सत्तर वर्षांनंतर तोच आदर ‘रामायण’मध्ये राम झालेल्या अरुण गोविल यांच्या वाट्याला आला.

पुढचा काळ झरझर गेला. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाले आणि ९४ भाग चालले. १९९४ मध्ये आलेली ‘चंद्रकांता’ देवकीनंदन खत्री यांच्या कादंबरीवर आधारलेली होती. तिच्यात देव नव्हते, ऐयार (वेषांतर करणारे हेर) आणि तिलिस्म (जादूचे चक्रव्यूह) होते, त्यामुळे हार-उदबत्तीचे कारण उरले नाही. भुवया वाढवलेला क्रूरसिंह (अखिलेंद्र मिश्र) हा पोरांच्या नकलांचा विषय झाला. १९९७ च्या ‘शक्तिमान’ने तर मुलेच प्रेक्षक म्हणून पकडली. त्याची नक्कल करताना मुले जखमी झाल्याच्या बातम्या आल्या, आणि शक्तिमान झालेल्या मुकेश खन्ना यांना मुलांना तसे न करण्याची समज द्यावी लागली.

मराठीत या जातीची मोठी मालिका यायला २०१४ उजाडले. झी मराठीवरच्या ‘जय मल्हार’मध्ये देवदत्त नागे खंडोबा झाले आणि संगणकाने रचलेली दैवी दृश्ये रोज घरात आली. तोवर बेसा पुरते पालटले होते. मनीषनगर आणि मानेवाड्याकडून शहर सरकत आले, शेतांवर लेआउट पडले, बेसा-पिपळा भागात फ्लॅट-स्कीमा उभ्या राहिल्या. ओसरी गेली, प्रत्येक हॉलमध्ये स्वतंत्र संच आला. मालिका पाहताना शेजारी काय म्हणतो, हे कानावर पडणे संपले.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे ड्रॅगन पाहून मोठी झालेली पिढी तेव्हा हे बाण पहिल्यांदाच पाहत होती. ती हसली, मोबाइलवर विनोद फिरवले, पण बसली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचे आणि तो जागतिक विक्रम असल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. या दाव्यावर पुढे वादही झाला.