एकट्या राहिलेल्याचा हिशेब

मी भाषा शिकवतो, गणित नाही. पण वाचनाच्या तासाला पुस्तकं वाटताना जो पेच पडतो, त्याला गणितात शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. समजा, १००० मुलं आणि १००० पुस्तकं आहेत. प्रत्येक मुलाने आवडत्या पुस्तकांची यादी दिली. प्रत्येकाला आपल्या यादीतलं एक पुस्तक मिळेल का?

बुडापेस्टच्या डेनेस क्योनिग यांनी १९१६ आणि १९३१ मध्ये अशा जोड्यांचे पायाभूत सिद्धांत मांडले. ते ज्यू वंशाचे होते. छळ सोसणाऱ्या गणितज्ञांना त्यांनी मदत केली. ऑक्टोबर १९४४ मध्ये नाझींच्या हंगेरियन साथीदारांनी सत्ता बळकावली आणि काही दिवसांतच क्योनिग यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

त्यांची व्याख्यानं ऐकलेले पॉल एर्डोश आणि त्याच साली सक्तमजुरीतून निसटलेले आल्फ्रेड रेन्यी यांनी हा प्रश्न पुढे नेला. याद्या निव्वळ योगायोगाने बनल्या तर काय होईल, याचं उत्तर त्यांनी १९६४ मध्ये दिलं. वरच्या उदाहरणात प्रत्येक यादीत सरासरी १० नावं असली, तरी सगळ्यांच्या जोड्या लागण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. आणि जोड्या अडतात त्या गर्दीमुळे किंवा भांडणामुळे नव्हे. अडतात त्या जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: एखाद्या मुलाची यादी कोरी असते, किंवा एखादं पुस्तक कुणाच्याच यादीत नसतं.

मुलं एकेक करून आली आणि दिलेलं पुस्तक परत घेता येत नसेल, तर? १९९० मध्ये रिचर्ड कार्प, उमेश वझिरानी आणि विजय वझिरानी यांनी सोपी रीत सांगितली. पुस्तकांचा क्रम आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा; आलेल्या मुलाला त्याच्या यादीतलं, त्या क्रमात सर्वांत वर असलेलं शिल्लक पुस्तक द्या. जास्तीत जास्त जितक्या जोड्या शक्य असतात, त्यांच्या सरासरी किमान ६३ टक्के हाती लागतात. मुलांच्या येण्याचा क्रमही योगायोगाचा असेल, तर ही हमी ६९ टक्क्यांच्या वर जाते. नेमकी किती, हा प्रश्न अजून खुला आहे.

तो सुटला, तरी कोरी यादी घेऊन आलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. कोणतीही रीत त्याला पुस्तक देऊ शकत नाही. त्याच्या यादीत पहिलं नाव यावं, यासाठी त्याच्याशेजारी बसणं हे मात्र आपलं, शिक्षकांचं काम आहे.