तंबोल्याची कुळी आणि परवाना

तंबोल्याचं तिकीट नीट बघा. ३ ओळी, ९ रकाने, २७ घरांत १५ आकडे. या कागदाचं मूळ परवान्याच्या भांडणात आहे हे कळलं, तेव्हापासून मी या खेळाच्या मागे लागलो आहे.

१७३४ चं नेपल्स. राजा चार्ल्सला लॉटरी सरकारी करून महसूल हवा होता. पाद्री ग्रेगोरिओ रोकोला ते पाप वाटत होतं. तडजोड झाली ती अशी: लॉटरी चालू, पण नाताळच्या आठवड्यात बंद. त्या आठवड्यात लोकांनी घरातच आकडे काढले आणि तोंबोला जन्मला, असं नेपल्समध्ये सांगतात. याला दंतकथा म्हणून उडवणारे आहेत. जेनोव्हाच्या लोट्टो या लॉटरीची ती घरगुती नक्कल, इतकंच ते मानतात. मला पटत नाही. लोट्टोत पैसा सरकारी खजिन्यात जातो, तोंबोल्यात तो बसलेल्यांतच वाटला जातो. सरकारी दुकान बंद पडल्याशिवाय ही रीत सुचणार कशी?

पुढे ब्रिटिश लष्करात जुगाराला बंदी, सूट फक्त ‘हाउस’ या आकड्यांच्या खेळाला. आरमारात त्याच खेळाला तोंबोला म्हणत. इंग्लंडात १९६० च्या कायद्याने याच खेळाचे बिंगो हॉल उघडले. २००५ च्या कायद्याप्रमाणे तिथे धंद्याचा, जबाबदार माणसाचा आणि जागेचा असे वेगवेगळे परवाने लागतात.

आपल्याकडे दोन्ही नावं रुळली, हाउजी आणि तंबोला. तंबोला मुंबई बंदरातून आला असं कुणी म्हणेल, आणि मुंबईपुरतं ते खरंही असेल. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनचा माग मात्र उलट्या दिशेला जातो. मनमाडहून निघालेली जुनी मीटर गेज परभणी, पूर्णा, नांदेड करत थेट सिकंदराबादच्या छावणीला भिडत होती. छावणीतली हाउजी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये आणि तिथून जंक्शनांच्या वसाहतींत उतरली, असा माझा ठाम कयास आहे.

आता आज पूर्णेत कुणी बिंगो हॉल काढायचा म्हटला तर? पूर्णा होती निजामाच्या मुलखात, तिथे मुंबईचा १८८७ चा जुगार कायदा चालत नव्हता. आज तो इथेही आहे. त्यातली ‘जुगारघरा’ची व्याख्या मला फार मोलाची वाटते. जागा किंवा साहित्य ठेवणाऱ्याला त्यातून फायदा होतो का, हे ती विचारते. म्हणजे अड्ड्याचा मालक कापतो ती नाल! नेपल्समध्ये भांडण पेटलं ते याच पैशावरून. खेळ लॉटरीत धरला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ आडवं येतं. करमणुकीच्या जागांना १९५१ च्या पोलीस कायद्याखाली परवाना मिळतो, पण तो जुगाराला पांघरूण घालत नाही. कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये वेगळा कायदा केला. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने आपल्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांपुरती आणि १९९६ मध्ये जहाजांपुरती वाट काढली. पूर्णेतल्या बिंगो हॉलवाल्याने भरायचा अर्ज मात्र राज्याने अजून छापलेला नाही.